प्रस्तावनेतली लोकशाही आणि सहाव्या कलमाबाहेरचा गोवा

तहनामा हा प्रकार मराठीच्या अभ्यासक्रमात कोठेच नसतो. बखर असते, ऐतिहासिक पत्रे असतात, राजवाड्यांच्या प्रस्तावना असतात. परंतु दोन राज्यांनी एकमेकांना शब्द देताना तो कोठे घट्ट बांधला आणि कोठे मुद्दाम सैल सोडला, हे तपासण्याचा प्रसंग आपल्या वर्गात सहसा येत नाही. वास्तविक शब्दाशब्दावर इतका खल झालेले दुसरे गद्य सापडणे अवघड. एका ओळीसाठी महिनाभर अडून बसलेल्या कवीची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. १९४८-४९ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये एका वाक्यासाठी अनेक देशांचे राजदूत आणि अमेरिकेचे सिनेटर असेच अडून बसले होते. त्या वाक्याचा आणि त्याच्या आगेमागे असलेल्या संहितेचा हा विचार आहे. आम्ही इतिहासाचे अध्यापक नव्हे. संहिता वाचणे हा मात्र आमचा रोजचा व्यवसाय, आणि ही संहिता वाचता वाचता आम्ही थेट मांडवीच्या तीरावर येऊन पोहोचलो, हे प्रस्तुत लेखाचे निमित्त.

उत्तर अटलांटिक करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. सह्या करणारी राष्ट्रे बारा, कलमे अवघी चौदा. समारंभात वाजलेल्या संगीताची आठवण अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी पुढे गमतीने सांगितली आहे: बँडने गर्श्विनच्या एका संगीतिकेतली गाणी निवडली होती, आणि त्यांतल्या एकाच्या शीर्षकाचा अर्थ ‘ते तसेच असेल असे नाही’ असा होतो. निवडणाऱ्याच्या मनात काही नसावे. परंतु कराराची भाषा वाचणाऱ्याला यापेक्षा चांगले उपोद्घाताचे वाक्य मिळणार नाही.

करारामागची भीती मात्र खरी होती, आणि ती खोटी ठरवण्याची घाई आपण करू नये. नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी तटस्थता पाळली होती. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा त्यांच्यावर चालून आल्या. हॉलंड आणि बेल्जियम तटस्थच होते. महिनाभराने त्यांचीही तीच गत झाली. झेकोस्लोव्हाकियाची कथा तर याहून कडू. तटस्थ राहण्याची चूक त्याने केली नव्हती. फ्रान्सशी त्याचा १९२४ पासून मैत्रीचा तह होता, १९२५ पासून परस्परसाहाय्याचा होता. दोन्ही राष्ट्रे लोकशाहीवादी, शत्रू एक, कागद तयार. तरीही सप्टेंबर १९३८ अखेर म्युनिकमध्ये त्या देशाचा लचका तोडण्याचे ठरले तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान हिटलरसमोर बसून सही करत होता आणि झेक प्रतिनिधींना त्या टेबलाशी जागाही नव्हती. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, त्याच प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह मंत्रालयाच्या खिडकीखाली अंगणात सापडला. पुढच्याच आठवड्यात, १७ मार्चला, ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्सचा तह केला. जूनमध्ये रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली. अशा वेळी पश्चिम युरोपला कागदापेक्षा अमेरिकेचे सैन्य हवे होते, आणि ते मिळवण्याची वाट कागदावरूनच जात होती.

ब्रुसेल्सच्या तहातले वचन सडेतोड आहे. युरोपात एकावर सशस्त्र हल्ला झाला, तर बाकीचे आपल्या शक्तीत असेल ती सर्व लष्करी आणि इतर मदत करतील. ‘सर्व’ आणि ‘लष्करी’ या दोन विशेषणांत म्युनिकची आठवण कोंडलेली आहे. युरोपीय राजदूतांची इच्छा अशी, की अमेरिकेनेही याच भाषेत शब्द द्यावा. तिकडे सिनेटर व्हँडेनबर्ग आणि कॉनली यांची अडचण निराळी. युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला. तो परदेशाशी केलेल्या करारातून आपोआप खर्ची पडतो असे दिसले असते, तर सिनेटने करार फेटाळला असता. लीग ऑफ नेशन्सचे वूड्रो विल्सन यांच्या काळात काय झाले ते कोणी विसरले नव्हते. अखेर पाचवे कलम निघाले ते असे: युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत एकावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, आणि प्रत्येक राष्ट्र, सशस्त्र बळाच्या वापरासह, ‘त्यास आवश्यक वाटेल ती’ कारवाई करील.

वाक्याचा पूर्वार्ध सिंहासारखा, उत्तरार्ध वकिलासारखा. ‘त्यास आवश्यक वाटेल ती’ या चार शब्दांत साऱ्या वचनाचा निर्णय पुन्हा ज्याच्या त्याच्या हाती सोपवला आहे. यावरून अनेकांनी या कराराला पोकळ म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. लोकशाही राष्ट्रांनी युती केली की असेच वाक्य निघणार, कारण त्यांच्या सरकारांना उद्याच्या संसदेचे मत आज विकता येत नाही. राजा राजाला वचन देतो तेव्हा ते त्याचे स्वतःचे असते. निवडून आलेला मंत्री वचन देतो तेव्हा ते उसने घेतलेले असते. २१ जुलै १९४९ रोजी सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी करार मंजूर केला, तो या सैल शब्दांमुळेच.

आता प्रस्तावनेकडे वळू. प्रस्तावना हा भाग आपल्या लोकांच्या ओळखीचा. मराठी ग्रंथांत तो पुष्कळदा ग्रंथापेक्षा मोठा असतो. या करारात ती चार-पाच वाक्यांची आहे. लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या तत्त्वांवर उभे असलेले आपल्या जनतेचे स्वातंत्र्य, समान वारसा आणि संस्कृती यांचे रक्षण करण्याचा निर्धार तीत व्यक्त झाला आहे. खाली बारा राष्ट्रांच्या सह्या. त्यांतली एक पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री जुझे कायरु द माता यांची.

पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझार यांची हुकूमशाही होती. १९३२ पासून ते पंतप्रधान होते. एकच अधिकृत पक्ष, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, ‘पिदे’ नावाचे गुप्त पोलीस दल, केप व्हर्दी बेटांवर ताराफालची राजकीय कैद्यांची छावणी. कराराच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. निवडणूक मोकळेपणाने होणार नाही हे पाहून विरोधी उमेदवार नॉर्टन द मातुश यांनी मतदानाच्या तोंडावर माघार घेतली. लोकशाहीच्या तत्त्वाखाली ज्या राष्ट्राची सही आहे, त्याची ही ताजी परिस्थिती.

मग पोर्तुगालला बोलावले कशासाठी? उत्तर नकाशात आहे. अटलांटिकच्या मधोमध अझोर्स बेटे आहेत. त्या काळची विमाने अमेरिकेहून युरोपात एका उड्डाणात सैन्य व सामान नेण्याइतकी समर्थ नव्हती; मध्ये थांबा हवा, आणि तो थांबा पोर्तुगालच्या मालकीचा. शेजारच्या स्पेनकडे तशी बेटे मोक्याच्या जागी नव्हती, आणि फ्रँको हा हिटलर-मुसोलिनींच्या मदतीने सत्तेवर आलेला माणूस. त्याला बाहेर ठेवण्यात आले. स्पेन नाटोत आला तो १९८२ मध्ये, लोकशाही आल्यानंतर. म्हणजे प्रस्तावनेतला ‘लोकशाही’ हा शब्द अगदीच निकामी नव्हता. स्पेनच्या दाराशी तो पहारेकरी होता, पोर्तुगालच्या दाराशी त्याने डोळे मिटले. (अमेरिकेने १९५३ मध्ये स्पेनशीही लष्करी तळांचा वेगळा करार केलाच, ही गोष्ट निराळी.) आइसलंडची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही: ज्याला स्वतःचे सैन्यच नाही असा तो देश लष्करी युतीचा संस्थापक झाला, तोही नकाशातल्या जागेमुळेच.

येथून सहावे कलम. हल्ला कोठे झाला म्हणजे पाचवे कलम लागू होईल, हे ते सांगते: युरोप आणि उत्तर अमेरिका, फ्रान्सचे अल्जीरियातील जिल्हे, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक भागातली बेटे. फ्रान्सने अल्जीरियाचे नाव हट्टाने घालून घेतले. इतर साम्राज्यांच्या वसाहती मात्र रेषेबाहेर राहिल्या, कारण युरोपच्या वसाहती सांभाळण्यासाठी अमेरिकन मुलगा मरायला पाठवायचा, हे काँग्रेसला पटवणे कोणालाच शक्य नव्हते. या रेषेची गंमत अशी, की पॅसिफिकमधले हवाई बेट अमेरिकेचे राज्य होऊनही आजतागायत पाचव्या कलमाच्या बाहेर आहे. आणि गोवा? तो तर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, दुसऱ्याच समुद्राकाठी.

पोर्तुगालला अशा वचनांचा अनुभव जुना होता. इंग्लंडशी त्याची युती १३७३ सालची, जगातली सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी. १६६१ मध्ये ब्रागांझाची राजकन्या कॅथरीन हिचा दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला, तेव्हा मुंबई आंदण गेली हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या आंदणाच्या बदल्यात पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे शत्रूंपासून रक्षण करण्याची जबाबदारी इंग्लंडच्या राजाने गुप्त कलमाने पत्करली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढे चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा मुंबईचे इंग्रज शेजारी असूनही पोर्तुगिजांच्या बाजूने सैन्य घेऊन उतरले नाहीत. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि जुलैमध्ये कॅप्टन इंचबर्ड मुंबईकर इंग्रजांच्या वतीने मराठ्यांशी तह करून मोकळा झाला. मुंबई मिळाली ती युतीच्या कलमामुळे, वसई गेली ती त्या कलमाचा विसर पडल्यामुळे. तहाचे शब्द तेच होते. बदलला होता तो ‘आवश्यक वाटेल’ याचा हिशेब, मग तो शब्द संहितेत असो वा नसो.

विसाव्या शतकात सालाझार यांनी या अडचणीवर जो उपाय शोधला तो भाषेच्या अभ्यासकाने जरूर पाहावा. १९५१ मध्ये पोर्तुगालच्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि ‘वसाहत’ हा शब्द नाहीसा होऊन त्या जागी ‘सागरपार प्रांत’ हा शब्द आला. गोव्यात एकही झाड हलले नाही, एकही पोलीस बदलला नाही. बदलले ते नाम. पण वसाहत असली तर तिला स्वातंत्र्य मागता येते; प्रांताने ते मागणे म्हणजे देशद्रोह. प्रांतावर कोणी चालून आले तर ते राष्ट्रावरच आक्रमण. सहावे कलम आड येत असले तरी चौथे कलम होतेच: कोणत्याही सदस्याच्या प्रादेशिक अखंडत्वास धोका आहे असे वाटले, तर सर्वांनी विचारविनिमय करावा. त्याला भूगोलाची मर्यादा नाही.

पोर्तुगालने आपल्या मित्रांकडे धाव घेतली. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग परिषदेत बोलताना नेहरूंनी नाव न घेता सांगितले, की गोव्याबाबत अमुक करू नका, तमुक करू नका अशी पत्रे नाटोतील राष्ट्रांकडून आपल्याला आली. याला त्यांनी उद्धटपणा म्हटले आणि नाटो ही वसाहतवादाची बलाढ्य संरक्षक असल्याची टीका केली. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्याच्या हद्दीत शिरले. गोरे यांना पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गेल्या, तेव्हा पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक माणसे मारली गेली. कायद्याचे राज्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची प्रस्तावना लिहिणाऱ्या राजधान्यांतून त्या दिवसांत जे ऐकू आले, ते फार क्षीण होते.

उलट डिसेंबरमध्ये जे ऐकू आले ते स्पष्ट होते. बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह तेव्हा भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्याबाबत त्यांनी भारताची बाजू उचलून धरली. त्यावर २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात आशियातील ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख होता. चारच दिवसांनी पत्रकारांनी छेडले असता, आपल्या माहितीप्रमाणे सारे जग त्याला पोर्तुगीज प्रांतच मानते, अशा आशयाचे उत्तर डलेस यांनी दिले. (कुन्या हे आडनाव वाचून आमच्या डोळ्यांसमोर दुसरा कुन्हा उभा राहतो: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, गोव्याच्या राष्ट्रवादाचा जनक, ज्याने पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात कैद भोगली. एकाच नावाची दोन माणसे, आणि एकाच शब्दाच्या दोन बाजू.) १९५१ ची शब्दबदली अशी चार वर्षांत अटलांटिक ओलांडून गेली आणि एका लोकशाही राष्ट्राच्या मंत्र्याच्या तोंडी बसली.

येथे खरा पेच आहे. भारत हे लोकशाही राष्ट्र. १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडलेले. दुसऱ्या बाजूला हुकूमशाही. लोकशाहीच्या नावाने बांधलेली युती या दोहोंमध्ये हुकूमशाहीच्या अंगाला झुकली, आणि स्टालिनच्या वारसांना मुंबई-कलकत्त्याच्या सभांत स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून टाळ्या घेता आल्या. सामायिक शत्रूच्या भीतीने एकत्र आलेल्या राष्ट्रांनी त्या शत्रूलाच अशी भेट द्यावी, हे नुसत्या स्वार्थाच्या हिशेबानेही शहाणपणाचे नव्हते.

१९६१ च्या डिसेंबरात हिशेब निकराला आला. सालाझार यांनी गव्हर्नर-जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांना शरणागती न पत्करता मरेपर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य आत शिरले आणि १९ च्या संध्याकाळी गव्हर्नरांनी, हुकूम मोडून, शरणागती दिली. माणसे वाचली याचे श्रेय त्यांच्या या अवज्ञेला आहे, आणि मायदेशी परतल्यावर त्यांना त्याचीच शिक्षा झाली. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मित्राला, ब्रिटनला, पोर्तुगालने जुन्या युतीची आठवण दिली. कॉमनवेल्थमधल्या सहसदस्याशी आपण लढू शकत नाही, असे उत्तर आले. नाटोतील एकाही राष्ट्राने जहाज पाठवले नाही. सुरक्षा समितीत मात्र अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, चौघेही नाटोचे सदस्य, यांनी युद्धबंदीचा आणि भारतीय फौजा माघारी घेण्याचा ठराव मांडला. बाजूने सात, विरुद्ध चार: सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताचा हा आरंभ ठरू शकेल, असे उद्वेगाचे भाषण अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी केले.

स्टीव्हन्सन यांचा उद्वेग खोटा होता असे म्हणता येणार नाही. जगाला शांततेचे धडे देणाऱ्या देशाने शस्त्र उचलावे, याचे दुःख भारतातही काहींना झाले. पण १९५५ मध्ये निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा हेच भाषण झाले असते, तर १९६१ मध्ये त्याला वजन आले असते.

हा सारा दांभिकपणा होता, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. प्रस्तावनेत एखादा शब्द लिहून ठेवला, की तो लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी नाटोच्या बैठकांत त्याच शब्दावर बोट ठेवले. १९७१ मध्ये नाटोच्या मंत्र्यांची बैठक खुद्द लिस्बनमध्ये भरली असता नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी यजमानांच्या वसाहतीविषयक धोरणावर टीका केली. ग्रीसला वा पोर्तुगालला कोणी बाहेर काढले नाही. करारात तसे कलमच नाही. परंतु टीका करणाऱ्याला उभे राहायला त्या प्रस्तावनेने दोन पावले जागा दिली, एवढे खरे.

अझोर्सचे वजन तरीही शेवटपर्यंत टिकले. १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर केनेडी सरकारने संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते. पण अझोर्सच्या तळाची मुदत १९६२ अखेर संपत होती, आणि जसजशी ती जवळ आली तसतसा अमेरिकेचा सूर मवाळ होत गेला. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. प्रस्तावनेशी पोर्तुगालचे नाते पहिल्यांदाच जुळण्याची शक्यता निर्माण झाली. आणि नेमक्या त्याच वर्षी, नव्या सरकारात कम्युनिस्ट मंत्री आहेत म्हणून, नाटोच्या अण्वस्त्रविषयक गुप्त चर्चांपासून पोर्तुगालला दूर ठेवण्यात आले. पंचवीस वर्षे हुकूमशहावर ज्यांनी विश्वास टाकला, त्यांना क्रांतीनंतरच्या पोर्तुगालची धास्ती वाटली.

पाचवे कलम प्रत्यक्षात एकदाच वापरले गेले, सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर. १९४९ मध्ये जी राष्ट्रे अमेरिकेकडून शब्द मागत होती त्यांनी तो तिला परत दिला. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये, रशियाच्या युक्रेनवरील स्वारीनंतर, तटस्थता सोडून आत आले. सहाव्या कलमाची रेषा अजून तेथेच आहे.

गोव्यापुरता शेवटचा कागद मात्र वेगळा आहे, आणि तो आम्हांस नाटोच्या करारापेक्षा चांगला वाटतो. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. पोर्तुगालच्या वतीने सही केली मारिओ सुआरिश यांनी, ज्यांनी सालाझार यांच्या काळात तुरुंग आणि हद्दपारी दोन्ही भोगली होती. भारताच्या वतीने यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरचे भारताचे पूर्ण सार्वभौमत्व त्यात पोर्तुगालने मान्य केले, आणि ते आजपासून नव्हे, तर ते ते प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या त्या तारखेपासून. पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती यांच्या संबंधांना उत्तेजन देण्याचेही त्यातच नमूद आहे. त्या संहितेत ‘प्रांत’ हा शब्द ज्या अर्थाने डलेस यांनी वापरला होता, त्या अर्थाने कोठेही नाही.